शब्दकोशाला लाथ, तोंडात बटाटा: स्पॅनिश वाक्प्रचार आणि ‘शुद्ध’ बोलण्याचा आग्रह (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ‘बरोबर स्पॅनिश कुठलं?’ हा त्यातला पहिला. त्याचं उत्तर व्याकरणापेक्षा रोजच्या बोलण्यातल्या वाक्प्रचारांतून जास्त नीट मिळतं, असं माझं मत आहे. म्हणून उत्तरं त्याच वाटेने दिली आहेत.

भाषेबद्दल लोकांना काय वाटतं हे वाक्प्रचारांवरून कसं कळतं?

कुणाला थेट विचारलं, की ‘तुम्हाला कुठली बोली हलकी वाटते का हो?’, तर बहुतेक जण ‘छे, सगळ्या बोली सारख्याच’ असं म्हणतील. पण तोच माणूस चिडला, थट्टा करू लागला किंवा मुलाला दटावू लागला, की तयार शब्द तोंडातून बाहेर पडतात. ते त्याने घडवलेले नसतात, आजी-आजोबांकडून आलेले असतात. त्यांत जुना राग, जुना अभिमान आणि जुनी भीती जशीच्या तशी राहिलेली असते. स्पॅनिशमध्ये असे शब्द भरपूर आहेत, कारण ‘नीट बोल’ हे सांगण्याची हौस त्या समाजाला शतकानुशतकं आहे.

तुम्ही स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना कुठला उच्चार धरला आहे?

स्पेनच्या मोठ्या भागात काही अक्षरांचा उच्चार ‘थ’ च्या जवळ जातो. अमेरिका खंडात आणि दक्षिण स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे ‘स’ येतो. मी ‘स’ घेतला आहे. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक सुमारे 50 कोटी आहेत आणि स्पेनची लोकसंख्या त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही. ‘स’ म्हणणं हे अपवाद किंवा चूक नाही, बहुसंख्यांचा उच्चार तोच आहे.

‘क्रिस्तियानोत बोल’ म्हणजे नेमकं काय?

‘आब्ला एन क्रिस्तियानो’, शब्दशः ‘ख्रिश्चनमध्ये बोल’. अर्थ असा, की मला कळेल असं बोल, सरळ बोल. डॉक्टर अवघड शब्द वापरू लागले, वकील कलमं सांगू लागले, की लोक सहज म्हणतात: ‘आता हे क्रिस्तियानोत सांगा.’ आपण ‘अगदी शुद्ध मराठीत सांगायचं तर’ म्हणतो, साधारण तोच सूर. आपल्याकडेही तिथे ‘शुद्ध’ चा अर्थ व्याकरणशुद्ध नसतो, तर आडपडदा न ठेवता, असा असतो.

पण या स्पॅनिश वाक्प्रचाराची दुसरी बाजू फार कडू आहे. मुळात तो उभा आहे एका समीकरणावर: आमचा धर्म, आमची भाषा आणि समजण्यासारखं बोलणं, हे तिन्ही एकच. ग्रानादाचं मुस्लिम राज्य 1492 मध्ये पडलं. पुढे तिथल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्यायला लावला गेला, आणि या नव-ख्रिश्चनांना ‘मोरिस्को’ म्हटलं जाऊ लागलं. 1567 मध्ये राजा दुसऱ्या फेलिपेच्या फर्मानाने त्यांना तीन वर्षांत कास्तेलियन (म्हणजे मूळची कास्तिया प्रांताची, आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती भाषा) शिकण्याचा हुकूम दिला. त्यानंतर अरबी बोलणं, वाचणं, लिहिणं बंद, घरातसुद्धा. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या एका वयोवृद्ध मोरिस्को गृहस्थाने याविरुद्ध लेखी निवेदन दिलं. त्यातला एक मुद्दा बिनतोड होता: पवित्र भूमीतले आणि माल्टातले लोक ख्रिश्चन आहेत आणि अरबीच बोलतात, मग अरबी ही धर्माविरुद्धची भाषा कशी? त्याचं कुणी ऐकलं नाही. 1568 मध्ये आल्पुखार्रासच्या डोंगरात बंड पेटलं, ते 1571 पर्यंत चाललं, आणि 1609 पासून मोरिस्कोंना देशाबाहेर काढायला सुरुवात झाली.

विसाव्या शतकात हाच वाक्प्रचार आणखी एका तोंडी बसला. फ्रँकोच्या हुकूमशाहीत (1939 ते 1975) कातालान, बास्क किंवा गालिसियन या स्पेनमधल्याच इतर भाषा बोलणाऱ्याला हटकायचं तर शब्द तयार होते: ‘क्रिस्तियानोत बोल!’ यादवी युद्ध अजून चालू असतानाच, 1938 च्या एका आदेशाने नोंदणीत मुलांची नावं कास्तेलियनमध्येच हवीत असं ठरलं होतं. बार्सेलोनातली कातालान बाई नेमाने चर्चला जाणारी असली, तरी तिची भाषा ‘ख्रिश्चन’ नव्हती. वाक्प्रचारातला धर्म केव्हाच मागे पडला होता, सत्ता उरली होती. 1978 च्या संविधानाने या भाषांना आपापल्या प्रांतांत अधिकृत दर्जा मिळण्याची वाट मोकळी केली. पण आजही बार्सेलोनात कुणी हे वाक्य उच्चारलं, की समोरच्याचा चेहरा बदलतो. माद्रिदमध्ये तेच वाक्य डॉक्टरला उद्देशून थट्टेने म्हटलं जातं. शब्द तेच, पण कोण कुणाला म्हणतंय यावर सगळं आहे.

जी भाषा कळत नाही तिला स्पॅनिश लोक काय म्हणतात?

न कळणाऱ्या भाषेची यादी पाहिली, की शेजारी कोण होते आणि कुणाशी वैर होतं ते दिसतं.

‘आल्गाराबीआ’ म्हणजे गोंगाट, कलकलाट. शाळा सुटल्यावर मुलं ओरडत बाहेर पडतात तो आल्गाराबीआ. शब्द आला ‘अल-अरबिया’ वरून, म्हणजे अरबी भाषा. ज्या भाषेत कोर्दोबात तत्त्वज्ञान आणि वैद्यक लिहिलं गेलं, तिचं नाव शेवटी नुसत्या आवाजाला चिकटलं. कुठल्याही फर्मानापेक्षा मला हे जास्त बोचतं, कारण हे कुणी हुकूम काढून केलेलं नाही.

‘बास्क्वेन्से’ हे बास्क भाषेचं कास्तेलियन नाव. रॉयल स्पॅनिश अकादमी या भाषेवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या शब्दकोशात अनेक आवृत्त्यांपर्यंत त्याचा आणखी एक बोलीतला अर्थ दिलेला असे: इतकं गुंतागुंतीचं आणि अंधारलेलं, की कळू शकत नाही असं काहीही. आपल्या मातृभाषेच्या नावापुढे शब्दकोशात हे छापलेलं वाचणाऱ्या बास्क मुलाचा विचार करून पाहा.

‘मे स्वेना आ चीनो’ म्हणजे ‘मला हे चिनी वाटतंय’. हे रोज, सहज म्हटलं जातं. आणि ‘ग्रिंगो’, म्हणजे परदेशी, विशेषतः अमेरिकन माणूस: हा शब्द बहुतेक अभ्यासक ‘ग्रिएगो’, म्हणजे ग्रीक, यावरून आला असं मानतात. ‘ग्रीकमध्ये बोलणं’ म्हणजे न समजेल असं बोलणं. एस्तेबान दे तेर्रेरोस या पाद्र्याच्या अठराव्या शतकातल्या शब्दकोशात नोंद आहे, की मालागात ‘ग्रिंगो’ म्हणतात ते सहज, नैसर्गिक कास्तेलियन बोलता न येणाऱ्या, वेगळ्या हेलाच्या परदेशी माणसांना. माद्रिदमध्ये विशेषतः आयरिश लोकांना. अमेरिकन सैनिकांच्या हिरव्या गणवेशाची (‘ग्रीन, गो’, म्हणजे ‘हिरव्यांनो, जा’ यावरून ‘ग्रिंगो’ झाला, अशी) जी गोष्ट सांगितली जाते, ती त्यामुळे टिकत नाही. शब्द जुना आहे, आणि तो कपड्यावरून नाही, उच्चारावरून आला आहे.

स्पॅनिश चांगलं बोलणाऱ्या परक्याचं तरी कौतुक होतं का?

इथे ‘लादिनो’ हा शब्द बघावा. मूळ ‘लातिनो’, म्हणजे लॅटिन, किंवा लॅटिनपासून निघालेली लोकभाषा जाणणारा. ‘मोरो लादिनो’ म्हणजे कास्तेलियन अस्खलित येणारा मुसलमान. अमेरिका खंडात स्पॅनिश येणाऱ्या मूळनिवासी माणसाला लादिनो म्हणू लागले. आणि आज सामान्य स्पॅनिशमध्ये लादिनो म्हणजे धूर्त, बनेल. परक्याला भाषा आली नाही तर तो अडाणी, आली तर तो लबाड.

उलट टोकाला ‘बोसाल’. आफ्रिकेतून नुकताच पकडून आणलेला, स्पॅनिश न येणारा गुलाम म्हणजे बोसाल. जनावराच्या तोंडाला बांधतात त्या मुसक्यालाही हाच शब्द. क्युबातल्या बाजारात माणसाचं वर्णन लादिनो की बोसाल असं होई आणि त्यावर त्याचं मोलही अवलंबून असे. भाषा येण्या-न येण्यावर माणसाची किंमत ठरते हे इथे अक्षरशः खरं होतं.

‘शब्दकोशाला लाथ मारणं’ कोण म्हणतं?

स्पेनमध्ये सगळेच. ‘दार पातादास आल दिक्सिओनारिओ’. कुणी नेता भाषणात चुकीचा शब्द बोलला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र लिहितं: अमक्याने शब्दकोशाला लाथ मारली. भाषेला ‘बदडणं’, तिचे ‘तुकडे करणं’ हेही चालतं. चूक म्हणजे केवळ चूक नाही, तर मारहाण, आणि मार खाणारी वस्तू म्हणजे एक पुस्तक! बोलणं आधी आणि पुस्तक नंतर, हा क्रम या वाक्प्रचारात उलटा झाला आहे.

ते पुस्तक रॉयल स्पॅनिश अकादमीचं. अकादमी 1713 मध्ये माद्रिदमध्ये स्थापन झाली, पुढल्या वर्षी पाचव्या फेलिपेने तिला मान्यता दिली, आणि 1726 ते 1739 या काळात तिचा पहिला शब्दकोश सहा खंडांत निघाला. तिचं बोधचिन्ह आहे आगीवर ठेवलेली धातू वितळवण्याची मूस. ब्रीदवाक्य ‘लिम्पिआ, फिखा इ दा एस्प्लेन्दोर’: स्वच्छ करते, स्थिर करते, झळाळी देते. स्थापनेपासून अकादमीची भूमिका पुष्कळ बदलली. आज ती अमेरिका खंडातल्या आणि इतर ठिकाणच्या अकादम्यांबरोबर काम करते, आणि शब्दकोशात शब्द येणं म्हणजे त्याला पदक मिळणं नव्हे, असं तिचे लोक सतत सांगतात. पण लोकांच्या डोक्यातून ते ब्रीदवाक्य जात नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘कोक्रेता’. बटाटावड्यासारखा तळलेला, आत मऊ सारण असलेला जो पदार्थ स्पेनमध्ये घरोघरी होतो, त्याचं नाव ‘क्रोकेता’. पुष्कळ जण अक्षरं उलटीपालटी करून ‘कोक्रेता’ म्हणतात. आणि दर थोड्या काळाने देशभर संतापाची लाट येते, की अकादमीने म्हणे ‘कोक्रेता’ मान्य केला! तो शब्द त्या शब्दकोशात नाही. अकादमी तसं पुन्हा पुन्हा सांगते, तरी अफवा मरत नाही. याउलट ‘आल्मोंदिगा’ (मांसाच्या गोळ्यांना म्हणतात त्या ‘आल्बोंदिगा’ चं दुसरं रूप) खरोखरच शब्दकोशात आहे, अगदी अठराव्या शतकापासून, जुनं आणि अशिष्ट अशी खूण लावून. वटवाघळाला आज ‘मुर्सिएलागो’ म्हणतात आणि ‘मुर्सिएगालो’ म्हणणाऱ्याला लोक हसतात. पण ‘आंधळा उंदीर’ या मूळ अर्थाशी जवळचं आणि जुनं रूप ‘मुर्सिएगालो’ हेच आहे. ज्याला हसतात, त्याच्या आजीची भाषा हसणाऱ्याच्या भाषेपेक्षा जुनी असण्याची शक्यता बरीच असते.

एका चुकीवरून मोटारीचं नाव पडलं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. ‘असणं’ या क्रियापदाचं प्रमाण रूप ‘आया’, खेड्यातलं जुनं रूप ‘आइगा’. यादवी युद्धानंतर स्पेनमध्ये बहुतेकांची उपासमार चालू असताना काळ्या बाजारात काही जणांनी अमाप पैसा केला. लोकांत गोष्ट पसरली, की हा नवश्रीमंत मोटारीच्या दुकानात जातो आणि सांगतो, ‘सगळ्यात मोठी जी आइगा ती द्या.’ तेव्हापासून भपकेबाज, मोठ्या मोटारीलाच ‘उन आइगा’ म्हणू लागले. शब्दकोशात ही नोंद आजही आहे.

या विनोदात दोन राग एकत्र आहेत. भुकेल्या काळात पैसा करणाऱ्यांवरचा राग रास्तच होता. पण तो व्यक्त झाला तो त्यांच्या चोरीवरून नाही, त्यांच्या क्रियापदावरून. आणि ते क्रियापद तर त्याच काळात उपाशी राहिलेला शेतमजूरही वापरत होता. चोर सुटला, मजुराची बोली अडकली.

‘गाढव पुढे’ हा काय प्रकार आहे?

मूल म्हणतं, ‘मी आणि मारिया गेलो.’ आजी लगेच: ‘एल बुर्रो देलान्ते, पारा के नो से एस्पान्ते’, गाढव पुढे, म्हणजे बुजायला नको. स्वतःचं नाव शेवटी घ्यायचं, हा धडा. व्याकरणाच्या दृष्टीने ‘मी आणि मारिया’ मध्ये काहीही चूक नाही. हा निव्वळ शिष्टाचार आहे. पण घरात तो ‘नीट बोलण्याचा’ नियम म्हणून शिकवला जातो. सभ्यपणा, नम्रता आणि व्याकरण हे तीन वेगळे विषय मुलाच्या डोक्यात एकाच वेळी, एकाच गाढवाबरोबर शिरतात. मोठेपणी मग ‘चुकीचं बोलणारा’ आणि ‘संस्कार नसलेला’ यांत फरक उरत नाही. हा वाक्प्रचार तसा प्रेमळ आहे, मेक्सिकोपासून स्पेनपर्यंत लोक हसत वापरतात.

सगळ्यात शुद्ध स्पॅनिश वायादोलिदमध्ये बोलतात ना?

ही समजूत स्पेनमध्ये घट्ट आहे. ‘वायादोलिदची माणसं सगळ्यात छान बोलतात’ हे वाक्य तिथे म्हणीसारखं झालं आहे. पण वायादोलिदच्या रस्त्यावर उभं राहून ऐका. ‘मी तिला म्हणालो’ याला प्रमाण रूप ‘ले दिखे’. तिथे सर्रास ऐकू येतं ‘ला दिखे’. ही लकब वायादोलिद, माद्रिद आणि आसपासचीच, आणि अकादमी तिला चूक मानते. म्हणजे शुद्धतेच्या राजधानीत लोक रोज अशी गोष्ट करतात, जी पेरूतल्या लिमाच्या किंवा दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाच्या माणसाच्या तोंडी सहसा येत नाही. तरी ‘चुकीचं बोलणारा’ हा शिक्का बसतो सेव्हियावाल्यावर!

यावरून मला एवढंच कळतं, की लोक चुका मोजून शहरांना गुण देत नाहीत. आधी शहराला मान देतात, मग त्याच्या चुका दिसेनाशा होतात. वायादोलिद जुन्या कास्तियाच्या पोटात आहे, तिथे राजदरबार होता, हेच कारण.

हा वाद जुना आहे की अलीकडचा?

निदान चारशे वर्षांचा. सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या 1615 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात एकोणिसाव्या प्रकरणात तो अगदी समोरासमोर होतो. डॉन किहोतेचा खेडवळ नोकर सांचो ‘फिस्काल’ (सरकारी वकील) ऐवजी ‘फ्रिस्काल’ म्हणतो. मालक तिथल्या तिथे त्याला झापतात आणि चांगल्या भाषेचा द्रोही ठरवतात. सांचो गप्प बसत नाही. तो म्हणतो, मी दरबारात वाढलो नाही, सालामांकात शिकलो नाही. सायागोच्या माणसाने तोलेदोच्या माणसासारखं बोलावं असा हट्ट बरा नव्हे, आणि तोलेदोचेही सगळेच काही सफाईने बोलत नाहीत. सायागो हा सामोरा भागातला खेडवळ मुलूख, त्या काळच्या नाटकांत गावंढळ बोलीचा ठरलेला पत्ता. आणि तोलेदो म्हणजे त्या काळचं वायादोलिद.

बरोबर प्रवास करणारा एक पदवीधर मग सांचोची बाजू घेतो: तोलेदोतल्या चांभारकुंडांच्या वस्तीत आणि सोकोदोबेरच्या बाजारात वाढलेले लोक, दिवसभर कॅथेड्रलच्या ओवरीत फिरणाऱ्यांसारखं कसं बोलतील? आणि तेही तोलेदोचेच की! प्रश्न शहराचा नाही, कोण कुठे वाढला आणि किती शिकला याचा आहे, हे सर्वांतेसने 1615 मध्ये लिहून ठेवलं. त्यानंतर शहराचं नाव बदललं, समजूत तीच राहिली. आज स्पॅनिशला सगळे ‘सर्वांतेसची भाषा’ म्हणतात आणि ती बिघडवणाऱ्यांना सर्वांतेसच्या नावाने बोल लावतात. सांचोचं उत्तर मात्र क्वचितच कुणाला आठवतं.

अक्षरं ‘खाणं’ म्हणजे?

‘कोमेर्से लास एसेस’, ‘स’ खाणं. दक्षिण स्पेनमधला आंदालुसिया प्रांत, कॅनरी बेटं, कॅरिबियन आणि चिली इथे शब्दाच्या किंवा त्यातल्या एखाद्या अक्षरगटाच्या शेवटचा ‘स’ हलका ‘ह’ होतो किंवा जातो. त्याला ‘खाणं’ म्हटलं, की बोलणारा जणू अधाशी आणि आळशी ठरतो. खरं तर तिथे नियम आहे. पूर्व आंदालुसियात शेवटचा ‘स’ गेला, की आधीचा स्वर जास्त उघडा होतो, आणि अनेकवचन तेवढ्यावरून ओळखू येतं. एक खूण गेली, तिच्या जागी दुसरी आली.

आंदालुसियाचा कुणी मंत्री झाला, की त्याच्या हेलावर टीका ठरलेली. 2007 च्या आंदालुसियाच्या स्वायत्तता कायद्यात तिथल्या बोलीच्या सर्व प्रकारांचं रक्षण करण्याची तरतूद घालावी लागली, यावरूनच काय ते समजा. पण तिथल्याच कुणी उत्तरेचा उच्चार उचलला, तर घरचेच त्याला ‘फिनोलिस’, म्हणजे उगाच नाजूकपणा मिरवणारा, म्हणून चिडवतात. दोन्हीकडून मार.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये यावर एक झकास शब्द आहे. ‘आब्लार फिनो’ म्हणजे सफाईदार बोलणं. गळालेले ‘स’ परत आणण्याच्या नादात लोक नको तिथेही ‘स’ घालतात, म्हणून तिथे म्हणतात ‘आब्लार फिस्नो’. ‘फिनो’ मध्येच एक ‘स’ घुसडला आणि शुद्ध बोलण्याच्या धडपडीचं अख्खं वर्णन एका शब्दात झालं.

यात बायका आणि कष्टकरी लोक कुठे आहेत?

शिव्या देणं म्हणजे ‘कार्रेतेरोसारखं’ (गाडीवानासारखं) बोलणं. मोठ्याने, तोंड वाजवून भांडणं म्हणजे ‘बेर्दुलेरासारखं’, भाजीवालीसारखं. आपल्याकडेही भांडणाऱ्या बाईला ‘कोळीण’ म्हणून हिणवतात, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय नाही. बाजारात उभं राहून माल विकणाऱ्या बाईने आवाज चढवायचा नाही तर काय करायचं?

बरं, बाई शिकली तर? ‘मुखेर के साबे लातीन, नि तिएने मारिदो नि तिएने बुएन फिन’: लॅटिन येणाऱ्या बाईला नवराही मिळत नाही आणि तिचा शेवटही चांगला होत नाही. आणि हेच लॅटिन एरवी कौतुकाचं: ‘त्याला लॅटिन येतं’ म्हणजे तो भारी हुशार.

वरच्या वर्गाची थट्टा करणारे शब्दही आहेत, नाही असं नाही. चिलीत श्रीमंतांच्या उच्चाराला ‘तोंडात बटाटा ठेवून बोलणं’ म्हणतात, ‘आब्लार कोन ला पापा एन ला बोका’. पण बटाटा तोंडात असलेल्याची नोकरी त्यामुळे जात नाही. गाडीवानासारखं बोलणाऱ्याला मुळात मुलाखतीलाच बोलावत नाहीत.

लॅटिन अमेरिकेतले लोक स्वतःच्या स्पॅनिशला कमी समजतात का?

काही समजतात, काही उलट मिरवतात. ‘सगळ्यात चांगलं स्पॅनिश बोगोताचं’ हा दावा तिथे जुना. त्याच बोगोताच्या बोलण्यातल्या खटकणाऱ्या गोष्टींवर रुफिनो होसे कुएर्बो या बोगोताकर भाषापंडिताने एकोणिसाव्या शतकात अख्खा ग्रंथ लिहिला. चिलीत मात्र ‘आम्ही वाईट बोलतो’ हे चिलीचेच लोक पाहुण्याला पहिल्या भेटीत सांगतात, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. मला ते ऐकवत नाही.

आन्द्रेस बेयो मूळचे काराकासचे, चिलीत स्थायिक झालेले. त्यांनी 1847 मध्ये सान्तियागोत खास अमेरिका खंडातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी व्याकरण लिहिलं. प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केलं, की कास्तियाच्या लोकांसाठी आपण लिहीत नाही. आणि आरागोन किंवा आंदालुसियाच्या लकबी खपवून घ्यायच्या तर चिली आणि व्हेनेझुएलाला तोच हक्क आहे. इतकं रोखठोक लिहिणाऱ्या बेयोंनाही ‘तू’ साठी ‘वोस’ म्हणणं सहन होत नव्हतं, चिलीतून ते हटवावं असं त्यांचं मत होतं. अर्जेंटिनात मात्र ‘वोस’ टिकलं आणि आज तिथे राष्ट्राध्यक्षांपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे आहे.

मेक्सिकोत आणखी एक शब्द जपून ऐकावा: ‘दिआलेक्तो’. नाउआत्ल, माया, सापोतेक या भाषांना लोक सहज ‘बोली’ म्हणतात, जणू त्या स्पॅनिशच्याच कुठल्या तरी मोडक्या आवृत्त्या. 2003 च्या कायद्याने तिथल्या मूळ भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा ठरवलं. त्या 68 मोजल्या जातात. सवयीचा शब्द मात्र कायद्याइतका लवकर बदलत नाही.

अमेरिकेत वाढलेल्या मुलांना ‘नो साबो’ का म्हणतात?

‘मला माहीत नाही’ याला ‘नो से’. नियमाने चालणारं मूल म्हणतं ‘नो साबो’. स्पॅनिश घरातली सगळीच मुलं लहानपणी कधी ना कधी असं म्हणतात आणि सगळ्यांना ते गोड वाटतं. पण लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला विशीतला मुलगा तेच म्हणाला, की तो ‘नो साबो’ ठरतो. मेक्सिकन लोक त्याला ‘पोचो’ म्हणतात, त्याच्या स्पॅनिशला ‘मोचो’, म्हणजे तुटकं.

हे शब्द फार लागतात, कारण त्या मुलाच्या आजी-आजोबांच्या पिढीला अमेरिकन शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा झालेल्या आहेत. म्हणून अनेक आईबापांनी मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. एका शाळेने स्पॅनिशसाठी मारलं, दुसऱ्या देशातले नातेवाईक स्पॅनिश नाही म्हणून हसतात. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये वाढलेल्या, अडखळत मराठी बोलणाऱ्या भाच्याला ‘काय रे, मराठी विसरलास?’ म्हणून सगळ्यांदेखत चिडवणाऱ्या मामांनी हे वाचावं. पुढल्या सुट्टीत तो भाचा तोंडच उघडत नाही.

अकादमीच्या शब्दकोशात ‘एस्पांग्लिश’ हा शब्द घेताना व्याख्येत सुरुवातीला दोन्ही भाषांतले घटक ‘विद्रूप करून’ मिसळणं असा उल्लेख होता. टीका झाल्यावर तो काढून टाकला गेला.

शुद्धतेच्या विरुद्ध बोलणारे वाक्प्रचार नाहीत का?

आहेत, आणि मला तेच जास्त आवडतात. ‘आब्लान्दो से एन्तिएन्दे ला खेन्ते’: बोलल्याने माणसं एकमेकांना समजतात. ‘किएन तिएने बोका से एकिबोका’: ज्याला तोंड आहे तो चुकणारच. ‘आब्लान्दो माल इ प्रोन्तो’ म्हणजे ‘वाईट आणि पटकन सांगायचं तर’. मुद्द्याचं, थोडं असभ्य काही बोलण्याआधी लोक हे म्हणतात आणि ऐकणारा सरसावून बसतो. ‘वाईट’ बोलण्यात खरेपणा असतो हे इथे उघड मान्य आहे.

सगळ्यात जुना ‘रोमान पालादीनो’: साधी, उघड लोकभाषा. तेराव्या शतकात गोन्सालो दे बेर्सेओ या धर्मपंडित कवीने एका संताचं चरित्र लिहिताना जाहीर केलं, की आपण लॅटिनमध्ये नाही, तर ज्या भाषेत लोक शेजाऱ्याशी बोलतात त्या भाषेत लिहिणार. त्याच शतकात ज्ञानेश्वरांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठीत लिहिलं, त्यामुळे ही भूमिका आपल्याला नवीन नाही. ज्या भाषेला आज ‘झळाळी’ द्यायची ती भाषा लॅटिनवाल्यांच्या लेखी ‘चुकीची’ होती, हे स्पॅनिश शाळेत बेर्सेओ शिकवताना आवर्जून सांगायला हवं.

मग मी कुठलं स्पॅनिश शिकू? परीक्षेत कुठला उच्चार चालतो?

इन्स्टिट्यूटो सर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या डेले या स्पॅनिश परीक्षेत स्पॅनिश जगातली कुठलीही मान्य प्रमाण बोली चालते. मेक्सिकोची धरा, स्पेनची धरा, अर्जेंटिनाची धरा. फक्त एकात सातत्य ठेवा, आणि ऐकण्याचा सराव सगळ्यांचा करा, कारण ध्वनिफितीत वेगवेगळ्या देशांचे आवाज असतात. ज्या देशाशी काम आहे किंवा ज्या देशातले मित्र आहेत, तिथली बोली घ्या. ‘माद्रिदचीच शुद्ध’ म्हणून हट्टाने ‘थ’ म्हणणारा आणि ग्राहक सगळे मेक्सिकोतले, असं करू नका.

प्रमाण व्याकरण मात्र मन लावून शिका. ‘आइगा’ मध्ये पाप नाही हे खरं, पण मुलाखतीत त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागेल, मला नाही.

हे वाक्प्रचार मी स्वतः वापरू का?

‘मे स्वेना आ चीनो’ स्पॅनिश मित्रांत चालून जातं, पण समोर चिनी वंशाचं कुणी असेल तर टाळा. ‘गाढव पुढे’ बिनधास्त वापरा, हशा मिळेल. ‘क्रिस्तियानोत बोल’ परदेशी माणसाने कधीच म्हणू नये, कातालोनिया, बास्क प्रदेश आणि गालिसियात तर नाहीच. त्याऐवजी ‘मास देस्पासिओ, पोर फाबोर’ म्हणा, म्हणजे ‘जरा सावकाश, कृपया’. ‘पोचो’, ‘मोचो’, ‘नो साबो’ हे शब्द त्या मुलांनी स्वतःबद्दल वापरावेत, आपण नाही. आणि कुणी तुमच्या बोलण्यावर ‘शब्दकोशाला लाथ मारलीस’ म्हणून हसलं, तर ‘किएन तिएने बोका से एकिबोका’ म्हणा आणि वाक्य पुरं करा.